अमेरिकेतील धार्मिक महाविद्यालये : वाद श्रद्धेचा, निकाल कागदाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील धार्मिक महाविद्यालये आणि एलजीबीटी विद्यार्थी यांच्यातील वादाबद्दल मराठी वर्तमानपत्रांत जे येते, ते बहुतेक वेळा निदर्शनांचे वृत्त असते. जून २०२२ मध्ये सिअ‍ॅटल पॅसिफिक विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात काही विद्यार्थ्यांनी हंगामी अध्यक्षांशी हस्तांदोलन करण्याऐवजी त्यांच्या हातात छोटे इंद्रधनुषी झेंडे ठेवले. ते दृश्य सगळीकडे फिरले. त्यापुढच्या कोर्टकचेऱ्या मात्र बातमीत मावत नाहीत, आणि निर्णय लागतात ते तिथेच. या वादात पुरोगामी कोण आणि सनातनी कोण यावर पुष्कळ लिहून झाले आहे. पारंपरिक श्रद्धा धरून राहणारे महाविद्यालय कशाच्या बळावर तगते आणि कशामुळे तोंडघशी पडते, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. गेल्या दहा-बारा वर्षांतील प्रकरणे ओळीने वाचली, तर धर्मशास्त्रावर निकाल लागल्याचे फारसे आढळत नाही. सनदेत, म्हणजे संस्थेच्या स्थापनापत्रात, काय लिहिले आहे, नियमपुस्तिका कधी आणि का बदलली, पैसा कोणत्या वाटेने येतो, यावरच सारे ठरते.

आधी वाद नेमका कशाचा, ते पाहू. यातील बहुतेक महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याकडून आचारसंहितेवर सही घेतात. तिच्यात मद्य आणि अमली पदार्थांना मनाई असते, प्रार्थनेला हजेरी असते, आणि शरीरसंबंध फक्त स्त्री-पुरुष विवाहाच्या चौकटीत, असे कलम असते. कागदावर हे कलम सर्वांना सारखे लागू होते. अविवाहित तरुण-तरुणीलाही ते बांधून ठेवते. समलिंगी आकर्षण असणे हा दोष नाही, तसे वर्तन मात्र चालणार नाही, असा भेदही बहुतेक ठिकाणी केलेला असतो. गोम पुढे आहे. मुलगा आणि मुलगी आवारात हात धरून फिरले, त्यांनी साखरपुडा केला, लग्न करून विवाहितांच्या वसतिगृहात खोली मागितली, तर कौतुक होते. दोन मुलींनी हात धरला की ते ‘वर्तन’ ठरते का? आचारसंहितेत याचे उत्तर नसेल, तर ते वसतिगृहाच्या रेक्टरच्या मर्जीवर जाते. मग एका इमारतीत एक न्याय आणि शेजारच्या इमारतीत दुसरा.

युटातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात नेमके हेच घडले. मॉर्मन चर्चच्या या विद्यापीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या संहितेतून समलिंगी वर्तनावरचा परिच्छेद काढून टाकला. विद्यार्थ्यांनी त्याचा अर्थ ‘आता मोकळीक’ असा घेतला, आणि कोणीही तो तसाच घेतला असता. दोन आठवडे उलटताच, ४ मार्चला, चर्चच्या शिक्षण विभागाचे पत्र आले: समलिंगी प्रणयाचे वर्तन चर्चच्या तत्त्वांत बसत नाही, नियम तोच आहे. मधल्या दिवसांत ज्यांनी आपली ओळख उघड केली, ते उघडे पडले ते पडलेच. ऑगस्ट २०२३ मध्ये तो मजकूर पुन्हा संहितेत घातला गेला. श्रद्धा या साऱ्या काळात बदललेली नव्हती. बदलला होता फक्त मसुदा, आणि त्याचे मोल विद्यार्थ्यांनी दिले.

कॅलिफोर्नियातील अझुसा पॅसिफिकने तर याहून मोठी कसरत केली. २०१८ च्या सत्रारंभी समलिंगी प्रेमसंबंधांवरची बंदी उठवली, सप्टेंबरअखेर विश्वस्त मंडळाने ‘आम्ही हे मंजूरच केले नव्हते’ म्हणत ती परत आणली, आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा काढली. विवाहाविषयीची विद्यापीठाची शिकवण तेवढी कायम राहिली. दोन्ही डगरींवर हात ठेवू पाहणाऱ्या संस्थेवर ना देणगीदाराचा विश्वास राहतो, ना विद्यार्थ्याचा.

आता पैसा. टायटल नाइन हा १९७२ चा फेडरल कायदा सांगतो, की केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही. त्याच कायद्यात पहिल्या दिवसापासून अपवादही आहे: संस्था एखाद्या धार्मिक संघटनेच्या नियंत्रणाखाली असेल आणि कायद्याचे अमुक कलम त्या संघटनेच्या धर्मतत्त्वांशी विसंगत असेल, तर त्या विसंगतीपुरती सूट. ती सरसकट नाही. खासगी महाविद्यालयाच्या पदवीपूर्व प्रवेशाला तर टायटल नाइन मुळातच लागू नाही. त्यामुळे ‘सूट असल्याने प्रवेश नाकारतात’ असे जे सरधोपटपणे लिहिले जाते, ते पदवीपूर्व स्तरावर चुकीचे आहे. सूट कामी येते ती प्रवेशानंतर: वसतिगृह, स्वच्छतागृह, खेळाचे संघ, शिस्त, नोकरी.

‘आम्ही सरकारचा पैसा घेत नाही’ असे म्हणणे सोपे आहे. पेनसिल्व्हेनियातील ग्रोव्ह सिटी महाविद्यालय तेच म्हणत सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की विद्यार्थ्याला मिळालेले फेडरल अनुदान शुल्कातून संस्थेकडे येते, म्हणजे संस्था लाभार्थीच. मात्र बंधन आर्थिक साहाय्याच्या विभागापुरतेच, अशी मर्यादाही घातली. १९८८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून ती मर्यादा काढली. एका विभागात पैसा आला की सारी संस्था बांधली गेली. आज पेल ग्रँट हे फेडरल विद्यार्थी-अनुदान वर्षाला कमाल ७,३९५ डॉलर आहे. ती गरीब घरांतल्या मुलांना मिळते, म्हणजे ती नाकारायची तर पहिला फटका त्यांनाच बसतो. ग्रोव्ह सिटी आणि मिशिगनचे हिल्सडेल यांनी ही वाट धरली, ती भक्कम देणगीदारांच्या आधारावर. ज्या महाविद्यालयाचा दरमहाचा पगार विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो, त्याला हे झेपणारे नाही. शिवाय २०२२ मध्ये मेरिलँडच्या एका फेडरल न्यायाधीशाने करमाफी हीच सरकारी मदत धरून टायटल नाइन लावले होते. वरच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो निकाल फिरवला. पण पैसा नाकारला की सुटलो, हा समज किती ठिसूळ आहे ते त्या दोन वर्षांत दिसले.

सूट मिळवण्याची रीत साधी आहे. संस्थेच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, म्हणजे सहसा अध्यक्षाने, शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाला पत्र लिहायचे. पत्रात तीन गोष्टी हव्यात: नियंत्रण कोणत्या धार्मिक संघटनेचे आणि कसे, नियमावलीतील कोणती कलमे आड येतात (निवासाचे १०६.३२, खेळाचे १०६.४१, नोकरीचे १०६.५१ वगैरे), आणि ती कोणत्या धर्मतत्त्वाच्या आड येतात. तिसऱ्या मुद्द्यावर घोडे पेंड खाते. ‘ख्रिस्ती मूल्ये’ एवढे लिहून भागत नाही. संप्रदायाचा ठराव, श्रद्धापत्रिका, विश्वस्त मंडळाने मंजूर केलेली तारीखवार भूमिका जोडावी लागते. ओरेगनच्या जॉर्ज फॉक्स विद्यापीठाला २०१४ मध्ये एका पारलिंगी विद्यार्थ्याच्या वसतिगृहाच्या प्रश्नावर अशी सूट मिळाली, आणि त्यानंतर खात्याकडे पत्रांची रीघ लागली. २०१६ मध्ये खात्याने ती पत्रे संकेतस्थळावर टाकली.

२०२० मध्ये दोन बदल झाले, आणि ते बहुतेकांच्या नजरेतून सुटले. एक, पत्र आधी लिहिलेच पाहिजे असे नाही, हे नियमात स्पष्ट झाले. तक्रार आल्यावर, चौकशी सुरू झाल्यावरही सूट सांगता येते. दोन, ‘नियंत्रण’ कशाने सिद्ध होते याची यादी रुंदावली: धर्मशिक्षणाचे विद्यालय असणे, शिक्षक किंवा विद्यार्थ्यांना श्रद्धा मान्य करणे सक्तीचे असणे, धर्मतत्त्वांवर आधारलेले, मंडळाने मंजूर केलेले ध्येयपत्र असणे, यांपैकी काहीही चालते. दुसरा बदल मला रास्त वाटतो. अनेक इव्हँजेलिकल महाविद्यालये कोणत्याही एका संप्रदायाच्या मालकीची नाहीत, म्हणून ती कमी धार्मिक ठरत नाहीत. पहिला बदल मात्र ताकाला जाऊन भांडे लपवण्याची मुभा देतो. विद्यार्थी चार वर्षांचे शुल्क भरायला तयार होतो तेव्हा संस्था गप्प, आणि त्याने तक्रार केली की त्याच दिवशी श्रद्धा आठवते.

या यादीचा न्यायालयातील कस लागला तो कॅलिफोर्नियातील फुलर धर्मविद्यालयाच्या खटल्यात. समलिंगी विवाह केलेल्या दोन विद्यार्थ्यांना तिथून काढण्यात आले. त्यातल्या एका विद्यार्थिनीचा विवाह संस्थेला कळला कसा? आर्थिक साहाय्यासाठी जोडलेल्या प्राप्तिकर विवरणपत्रातून. जोडीदाराचे नाव तिथे होते. तिचा पदवीचा अभ्यास संपत आला होता. फुलर कोणत्याही एका चर्चचे नाही, तेव्हा त्याच्यावर धार्मिक संघटनेचे नियंत्रण कुठे, असा विद्यार्थ्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने म्हटले, की विद्यालयाचे स्वतःचे विश्वस्त मंडळ हीच धार्मिक संघटना. डिसेंबर २०२१ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते उचलून धरले. कायदा म्हणून निकाल बरोबर आहे. पण मदतीसाठी दिलेला कागद शिस्तीच्या फायलीत जावा का, हा प्रश्न कायद्याबाहेरचा असला तरी संस्थेच्या सभ्यतेचा आहे. वित्त कार्यालय आणि शिस्त समिती यांच्यात भिंत घालायला कोणत्याही श्रद्धेची हरकत नसावी.

सनदेमुळे काय होऊ शकते, हे न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाने दाखवून दिले. ऑर्थोडॉक्स ज्यू परंपरेचे हे विद्यापीठ. पदवीच्या विद्यार्थ्यांनी ‘प्राइड अलायन्स’ या एलजीबीटी विद्यार्थी गटाला मान्यता मागितली, विद्यापीठाने नाकारली, प्रकरण न्यायालयात गेले. न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क कायद्यात ‘धार्मिक निगम’ वगळलेले आहेत, म्हणजे येशिवा सुटायला हवे होते. पण १९६७ मध्ये विद्यापीठाने आपली सनद बदलून ‘केवळ शैक्षणिक उद्देशांसाठी’ स्थापन झालेला निगम असे स्वतःचे वर्णन केले होते. जून २०२२ मध्ये न्यायाधीशांनी त्याच वाक्यावर बोट ठेवले. शिवाय पदव्युत्तर विभागांत असे गट पंचवीसहून अधिक वर्षे मान्यताप्राप्त होते, हेही विरोधात गेले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी तातडीची स्थगिती नाकारली. विद्यापीठाने काही काळ सगळ्याच विद्यार्थी मंडळांचे काम थांबवले. डिसेंबरात अपिलातही हार झाली. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली आणि काही आठवड्यांत तीही बिनसली. तोरा अभ्यासाने दिवस सुरू होणाऱ्या विद्यापीठाला ‘तुम्ही धार्मिक नाही’ असे ऐकावे लागणे विचित्र आहे, हे मी मान्य करतो. पण सनद त्यांचीच होती आणि तिच्यावरच्या सह्याही त्यांच्याच.

नोकरीचा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते जास्त अवघड. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील टायटल सेव्हन धार्मिक शिक्षणसंस्थेला आपल्याच श्रद्धेचे लोक नेमू देते. जून २०२० च्या बॉस्टॉक निकालाने ‘लिंग’ या संरक्षणात समलिंगी आणि पारलिंगी कर्मचारीही आले, न्या. गोर्सच यांनी त्याच निकालात धार्मिक संस्थांचे प्रश्न पुढच्या खटल्यांसाठी ठेवून दिले. दुसरे कवच म्हणजे ‘धर्मसेवका’चा अपवाद: धर्मकार्य करणाऱ्या व्यक्तीची नेमणूक आणि बडतर्फी यांत न्यायालय हात घालत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने मान्य केला, जुलै २०२० मध्ये कॅथलिक शाळांतील शिक्षिकांच्या प्रकरणात आणखी रुंद केला.

मग काही महाविद्यालयांना वाटले, की सर्वच प्राध्यापकांना ‘धर्मसेवक’ म्हणून टाकले की काम झाले. मॅसॅच्युसेट्सच्या गॉर्डन महाविद्यालयाने आपल्या हस्तपुस्तिकेत तसे घातले. तिथल्या समाजकार्य विषयाच्या एका प्राध्यापिकेने महाविद्यालयाच्या एलजीबीटी धोरणावर टीका केली होती. त्यामुळेच पदोन्नती नाकारली, असा तिचा दावा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तिच्या कामाकडे पाहिले. ती प्रार्थना चालवत नव्हती, धर्मग्रंथ शिकवत नव्हती, उपासनेचे नेतृत्व करत नव्हती. आपला विषय ख्रिस्ती दृष्टीतून शिकवणे एवढ्याने कोणी धर्मसेवक होत नाही, असे न्यायालय म्हणाले. केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रकरण हाती घेतले नाही, मात्र न्या. अलिटो यांनी राज्य न्यायालयाच्या दृष्टिकोनाबद्दल चिंता नोंदवली. तेव्हा यावर अखेरचा शब्द अजून पडलेला नाही. तोवर एखाद्या संस्थेने सल्ला मागितला, तर मी सांगेन: पदनाम बदलू नका, कामाचे स्वरूप लिहा. धर्मकार्य खरोखर अपेक्षित असेल, तर ते नेमणूकपत्रात, वार्षिक मूल्यमापनात आणि वेळापत्रकात दिसले पाहिजे.

सिअ‍ॅटल पॅसिफिकचा पेच याच जातीचा, पण राज्याच्या कायद्यातला. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये धार्मिक संस्थांची राज्य कायद्यातील सूट धर्मसेवकांपुरती आकुंचित केली. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या विश्वस्तांनी समलिंगी संबंधांतील व्यक्तींना कायमची नोकरी न देण्याचे धोरण कायम ठेवले, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी माहिती मागवली, आणि जुलै २०२२ मध्ये विद्यापीठाने उलट त्यांच्यावरच दावा लावला. फेडरल कायदा बाजूने असूनही राज्य आणि शहराचे कायदे वेगळे असू शकतात. येशिवा आणि सिअ‍ॅटल, दोघांनाही ठेच तिथेच लागली.

एका भीतीबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवे, कारण ती वाजवीपेक्षा फार पसरवली जाते: करमाफी जाईल. १९८३ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी ८ विरुद्ध १ मतांनी गेली होती, कारण तिथे कृष्णवर्णीय-गौरवर्णीय प्रेमसंबंधांवर बंदी होती. एप्रिल २०१५ मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात न्या. अलिटो यांनी हाच न्याय पुढे समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या महाविद्यालयांना लागेल का असे विचारले; सरकारी वकिलांनी ‘हा प्रश्न उभा राहील’ असे प्रामाणिक उत्तर दिले, आणि त्या एका उत्तरावर दशकभर पत्रके निघाली. प्रत्यक्षात समलिंगी विवाहांना फेडरल मान्यता देणाऱ्या डिसेंबर २०२२ च्या रिस्पेक्ट फॉर मॅरेज कायद्यात, या कायद्यामुळे कोणाची करमाफी, अनुदान किंवा शैक्षणिक दर्जाची मान्यता, म्हणजेच अ‍ॅक्रेडिटेशन जाणार नाही, असे सातवे कलम घातले गेले. कायदेपंडित लगेच म्हणतील, की ते फक्त त्या कायद्यापुरते आहे, उद्या दुसरा आला तर काय? बरोबर आहे. पण समलिंगी विवाहावरून एखाद्या महाविद्यालयाची करमाफी काढण्याचे पाऊल २०१५ पासून कोणत्याही प्रशासनाने उचललेले नाही. खरा धोका असलाच, तर तो लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून भेदभावाला बंदी घालू पाहणाऱ्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टच्या मसुद्यात होता. प्रतिनिधिगृहात तो २०१९ आणि २०२१ मध्ये संमत झाला आणि सिनेटमध्ये अडला. टायटल नाइनला त्याने हात लावला नव्हता. वंशभेदाला बंदी करणाऱ्या, फेडरल पैशाशी जोडलेल्या टायटल सिक्समध्ये त्याने लिंगभेदाची बंदीही घातली होती, आणि टायटल सिक्समध्ये धार्मिक सूट नाही. ख्रिस्ती महाविद्यालयांच्या परिषदेने एलजीबीटी संरक्षण आणि धार्मिक सूट दोन्ही एकत्र देऊ पाहणाऱ्या ‘फेअरनेस फॉर ऑल’ या मधल्या मार्गाला पाठिंबा दिला, तो काही अंशी याच हिशेबाने. त्या पाठिंब्याबद्दल तिला दोन्हीकडून शिव्या खाव्या लागल्या.

सरकारी नियमांच्या भरवशावर राहणेही शहाणपणाचे नाही. ओबामा प्रशासनाने मे २०१६ मध्ये पारलिंगी विद्यार्थ्यांबाबत मार्गदर्शक पत्र काढले, फेब्रुवारी २०१७ मध्ये ते मागे घेतले गेले. बायडेन प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये नवी नियमावली आणली, ९ जानेवारी २०२५ रोजी केंटकीतील फेडरल न्यायालयाने ती रद्द केली. दर चार वर्षांनी पारडे इकडून तिकडे. १९७२ चे सूटीचे कलम मात्र या धामधुमीत एका शब्दाने हललेले नाही. त्याच्यावर थेट घाव घालण्याचा मोठा प्रयत्न मार्च २०२१ मध्ये ओरेगनमध्ये झाला: धार्मिक महाविद्यालयांतील ३३ आजी-माजी विद्यार्थ्यांनी शिक्षण खात्यावरच दावा लावला, की ही सूट म्हणजे सरकारी पैशातून भेदभाव. जिल्हा न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो फेटाळला, नवव्या सर्किटने ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. अमेरिकेत धार्मिक संस्थांना अशा सवलती देण्याची परंपरा जुनी आहे आणि सूट धर्मस्वातंत्र्याच्या हेतूशी पुरेशी जोडलेली आहे, असे न्यायालयाने म्हटले. ते न्यायालय पश्चिम किनाऱ्याचे, उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे, म्हणून या निकालाला वजन आहे.

न्यायालयाबाहेरचा दाब निराळा, आणि तो एकाच बाजूने येतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जुलै २०१४ मध्ये गॉर्डनच्या अध्यक्षांनी ओबामांना धार्मिक सूट मागणाऱ्या सामूहिक पत्रावर सही केली. शेजारच्या सेलम शहराने जुन्या टाउन हॉलच्या व्यवस्थापनाचा गॉर्डनशी असलेला करार मोडला, लिनच्या शाळांनी गॉर्डनच्या शिक्षक-प्रशिक्षणार्थींना दार बंद केले, अ‍ॅक्रेडिटेशन संस्थेने विचारणा केली. मान्यता मात्र टिकली; २००८ च्या उच्चशिक्षण कायद्याने मान्यता देणाऱ्या अशा संस्थांना महाविद्यालयाच्या धार्मिक ध्येयाचा मान राखण्यास बांधून घेतले आहे. दुसऱ्या बाजूला पाहा. २०१५ मध्ये गोशेन आणि ईस्टर्न मेनोनाइट या दोन मेनोनाइट संस्थांनी समलिंगी विवाहित प्राध्यापक नेमायचे ठरवले, तेव्हा ख्रिस्ती महाविद्यालयांच्या परिषदेने लगेच कारवाई केली नाही म्हणून टेनेसीचे युनियन विद्यापीठ आणि ओक्लाहोमा वेस्लियन परिषदेतून ताडकन बाहेर पडले. शेवटी त्या दोन संस्थाही निघून गेल्या. जुलै २०२५ मध्ये टेक्सासच्या बेलर विद्यापीठाने चर्चमधील एलजीबीटी व्यक्ती आणि स्त्रियांच्या समावेशावरील संशोधनासाठी स्वीकारलेले सहा लाख डॉलरहून अधिकचे अनुदान परत केले, ते उजवीकडून गदारोळ झाल्यावर.

मिशिगनच्या कॅल्विन विद्यापीठाकडे मी थोड्या आदराने पाहतो. त्याच्या मातृसंप्रदायाच्या महासभेने जून २०२२ मध्ये १२३ विरुद्ध ५३ मतांनी समलिंगी संबंध निषिद्ध असल्याची भूमिका बंधनकारक श्रद्धेच्या दर्जाला नेली. प्राध्यापकांची त्या श्रद्धापत्रांवर सही असते. आता ज्यांना हे पटत नाही त्यांचे काय? ऑक्टोबरात विश्वस्तांनी मार्ग काढला: आपली अडचण लेखी नोंदवा, मंडळ ती तपासेल, आणि तेवढ्यावरून नोकरी जाणार नाही. संप्रदायाची शिकवण तीच राहिली आणि मतभेदाला नोंदवहीत जागा मिळाली. ही व्यवस्था फार काळ टिकेल असे मला वाटत नाही, पण निदान प्रत्येकाला आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक असते.

बेलरचे आणखी एक प्रकरण येथे टाळता येत नाही. २०२३ मध्ये त्याने प्रलंबित तक्रारींच्या संदर्भात लैंगिक छळविषयक नियमांतूनही, श्रद्धेशी विसंगत ठरतील तेवढ्यापुरती, सूट सांगितली आणि शिक्षण खात्याने ती मान्य केली. छळाची व्याख्या रुंदावत चालली आहे आणि ती श्रद्धेच्या उच्चाराला कवेत घेईल, असा विद्यापीठाचा बचाव होता. असेलही. पण वसतिगृहाच्या दारावर शिवी लिहिली जाणे आणि धर्मशास्त्राच्या वर्गात पारंपरिक विवाहमत मांडले जाणे यांत फरक करता येत नाही, असे कोणी म्हणू नये. छळ करा असे सांगणारे धर्मतत्त्व कोणत्याच संप्रदायाकडे नाही, मग त्यापुरती सूट मागायचे कारणही उरत नाही. अशा मागणीने प्रामाणिक संस्थांचीही बाजू लंगडी होते.

राज्यांपुढचा उपाय कोणता? कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये सिनेटर रिकार्डो लारा यांच्या विधेयकाचा मूळ मसुदा असा होता, की राज्याची विद्यार्थी-अनुदाने घेणाऱ्या धार्मिक महाविद्यालयांवर विद्यार्थ्यांना दावा लावता यावा. कॅथलिक आणि इव्हँजेलिकल नेते एकवटले, आणि ऑगस्टमध्ये ती तरतूद गळाली. उरले ते एवढेच: सूट असेल तर ती जाहीर करा, अर्जदारांना, विद्यार्थ्यांना, कर्मचाऱ्यांना, राज्याच्या अनुदान आयोगाला कळवा, आवारात ठळक जागी लावा. कार्यकर्त्यांना हे दात काढलेले विधेयक वाटले. मला वाटते, मूळ मसुद्यापेक्षा हेच बरे. उलट मिनेसोटाने २०२३ मध्ये, शाळकरी मुलांना महाविद्यालयीन श्रेयांक मिळवून देणाऱ्या योजनेतून श्रद्धापत्रावर सही मागणाऱ्या महाविद्यालयांना वगळले. क्राउन आणि नॉर्थवेस्टर्न-सेंट पॉल या दोन संस्थांना त्याचा फटका बसत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. वगळण्याचा मार्ग न्यायालयात पडतो. उघड करायला लावण्याचा कॅलिफोर्नियाचा मार्ग अजून उभा आहे.

तो मार्ग पुरेसा कसा होईल, एवढेच शेवटी. आजची जाहीर सूचना बहुधा संकेतस्थळाच्या तळाशी, वकिली भाषेत असते. ती प्रवेशअर्जात, अनामत भरण्याआधी, एका पानात असावी. पत्र खात्याला गेले असेल तर त्याची तारीख आणि त्यातील कलमे त्यात द्यावीत. गेले नसेल, तरी संस्था कशाकशासाठी सूट सांगणार ते लिहावे. हात धरणे, सोबत फिरायला जाणे, आवाराबाहेर झालेला नोंदणी विवाह, समाजमाध्यमावरचे छायाचित्र, उपचार घेत असलेला पारलिंगी विद्यार्थी, यांतील प्रत्येकाबद्दल ‘चालेल’ की ‘चालणार नाही’ ते साध्या भाषेत असावे. नियम सत्राच्या मध्यावर बदलू नये. बदलला तर आधी प्रवेश घेतलेल्यांना जुना नियम लागू राहावा. समुपदेशकाकडे सांगितलेले आणि आर्थिक साहाय्यासाठी दिलेले काहीही शिस्त समितीपुढे जाऊ नये.

आणि बाहेर पडावे लागलेच, तर काय, हेही त्याच पानावर असावे. पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात. नवे महाविद्यालय त्यातले सगळे स्वीकारत नाही. शेवटचे ३० तरी आमच्याकडेच पूर्ण करा, अशी अट सर्रास असते. तिसऱ्या वर्षी बाहेर पडलेल्याचे एखादे वर्ष आणि त्याचे शुल्क सहज वाया जाते. तेव्हा गुणपत्रक थकबाकीसाठी अडकवू नये, त्यावर शिस्तभंगाचा शेरा मारू नये, चालू सत्र पूर्ण करू द्यावे, आणि उरलेल्या काळाचे शुल्क व वसतिगृहाचे भाडे हिशेबाने परत करावे.

आपला,
उच्चशिक्षण कायद्याचा एक अभ्यासक